एक कारंजं घ्यावं म्हणतो

आमच्या घराण्यात पाणी आपणहून वर उडाल्याचा एकच प्रसंग नोंदलेला आहे. मी दुसरी-तिसरीत असताना वाड्यातल्या सार्वजनिक नळाची तोटी निसटली आणि ते पाणी थेट मालकांच्या माडीच्या खिडकीपर्यंत गेलं. मालकांनी पुढे दोन महिने सगळ्या भाडेकरूंना त्यावरून टोमणे मारले. तेव्हापासून कारंजं म्हणजे वेळेवर दुरुस्त न केलेला नळ, अशी माझी समजूत. राजेरजवाड्यांनी, बागवाल्या हॉटेलांनी आणि मंगल कार्यालयांनी कारंजी ठेवावीत. बँकेतल्या कारकुनाने तोटीला सुतळी गुंडाळून गप्प बसावं. असा मी गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी बायकोला म्हणालो, "एक कारंजं घ्यावं म्हणतो."

ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"आधी गिझर दुरुस्त करा," ती म्हणाली.

आमच्या घरात कुठल्याही नव्या कल्पनेचं स्वागत या वाक्याने होतं. गिझर चार वर्षं नादुरुस्त आहे आणि त्याच्या आड माझी अनेक स्वप्नं गारठून पडली आहेत. पण या खेपेला मी हटलो नाही. कारण गोष्ट माझ्या हौसेची नव्हती, अण्णांच्या पाणवठ्याची होती.

आम्ही तळमजल्यावर राहतो. पुण्यात तळमजला घेणाऱ्याला बिल्डर मागच्या बाजूला दहा बाय बाराची मातीची पट्टी देतो, तिला कागदोपत्री 'प्रायव्हेट गार्डन' म्हणतो आणि तिचे वेगळे पैसे घेतो. त्या उद्यानात एक पेरू, एक कढीलिंब, तुळस आणि वरच्या तीन मजल्यांवरून पडणारे कपड्यांचे चिमटे, एवढं सगळं आहे. आणि एक सिमेंटचं कुंड. दीड फूट व्यास, मध्ये दोन इंच खोल, कमरेइतक्या उंच खांबावर बसवलेलं. रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून ते आईने घासाघीस करून आणलं होतं. ती त्याला 'पाणवठा' म्हणायची. रोज सकाळी जुनं पाणी पेरूला, नवं पाणी पक्ष्यांना, मग स्वतःचा चहा, असा तिचा क्रम होता.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून त्या कुंडाकडे बघत बसतात. पाटबंधारे खात्यात उभं आयुष्य काढलेला माणूस. धरणं, कालवे, सांडवे यांच्यावर एकेकाळी तासन्‌तास बोलणारा. आई गेल्यावर त्यांचं बोलणं 'हो', 'नको' आणि 'दूध आलं का' एवढ्यावर आलं. लिहिणं मात्र चालू. पाठपोट कागदाच्या एका वहीत तारीख, वेळ आणि आलेला पक्षी. 'बुलबुल २, ६.५०.' 'साळुंकी ४, ७.०५, भांडण.' आमच्या बँकेच्या पासबुकात जेवढा भावनेचा ओलावा असतो तेवढाच त्या वहीत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलीला डेंग्यू झाला. ती बरी झाली, पण आठ दिवस त्या घराने काय भोगलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाठोपाठ आरोग्य खात्याच्या एक बाई टॉर्च घेऊन इमारतीत फिरल्या. कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, फ्रिजमागचे ट्रे बघत बघत आमच्या मागच्या उद्यानात आल्या. कुंडात प्रकाश टाकला आणि म्हणाल्या, "या बघा अळ्या."

बघितल्या. स्वल्पविरामासारख्या दिसत होत्या आणि वळवळत होत्या. आई गेल्यावर कुंड रोज रिकामं होत नव्हतं. अण्णांचे गुडघे त्यांना वाकू देत नाहीत. ते नुसतं वरून तांब्याभर पाणी ओतायचे. बाईंनी मला शाळेतल्या मुलासारखं उभं करून समजावलं. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, ब्रशने घासावं लागतं. दर दोन-तीन दिवसांनी घासा, आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडं करा. "आणि पाणी हलतं राहिलं तर डास अंडी घालायला सहसा बसत नाही," एवढं जाता जाता बोलून त्या पुढच्या इमारतीकडे गेल्या.

सेक्रेटरी मागेच उभे होते. "काढून टाका ते," ते म्हणाले. त्यांच्या रागाला उत्तर नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खुर्चीत वही मिटून बसले होते आणि काहीही म्हणत नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी कुंड काढून टाकलं असतं, आमच्यात तशी पद्धत आहे. पण ते नुसते बसले होते.

"पाणी हलतं ठेवतो," मी म्हणालो. "कारंजं बसवतो."

माझ्या तोंडून हे शब्द कसे बाहेर पडले ते मला माहीत नाही. सेक्रेटरींनी एक महिना दिला.

आता ओट्यावर विजेचा प्लग नाही, आणि पावसात उघड्यावर वायर ओढायची तर हिने मला त्याच वायरीवर वाळत घातला असता. म्हणून सौर कारंजं. वाचकहो, मी कॉमर्सचा पदवीधर. सूर्याशी माझा संबंध फक्त वाळवणापुरता. पण फोन उघडून बघतो तो बाजारात एवढी सौर कारंजी, की सूर्याने हाच मुख्य धंदा धरला असावा. चारशे रुपयांपासून चार हजारांपर्यंत. तरंगती, बुडती, दगडासारखी दिसणारी, कमळासारखी दिसणारी, रात्री रंगीत दिवे लागणारी. गिऱ्हाइकांचे अभिप्रायही होते. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'उत्तम वस्तू. अजून पाण्यात घातलेली नाही.'

बँकेत विषय काढला. आमच्या शाखेत कुठल्याही खरेदीचा विषय जेवणाच्या सुट्टीत मंजुरीसाठी मांडावा लागतो. हेड कॅशियर म्हणाले, "बॅटरीवालं घे. बिनबॅटरीचं म्हणजे बिनव्याजी चालू खातं. ऊन जमा झालं की लगेच खर्च, शिल्लक शून्य." लोन खात्यातले गृहस्थ म्हणाले, "बॅटरी दोन वर्षांत बसते, मग रडत बसाल. बिनबॅटरीचं घ्या." शिपाई म्हणाला, "साहेब, टबात मासे सोडा. गप्पी. अळ्या खातात." हा एकच सल्ला फुकटात अमलात येण्यासारखा होता, म्हणून तो कोणी मनावर घेतला नाही. आणि खरं सांगायचं तर दोन इंच पाण्यात गप्पी सोडले असते तर ते आमच्या कावळ्याने न्याहारीला खाल्ले असते.

सगळ्यांत छळलं ते 'वेदरप्रूफ' या शब्दाने. प्रत्येक खोक्यावर तो होता, आणि त्याच्यापुढे 'आयपी' असं लिहून दोन आकडे. बँकेत आयपी म्हणजे कॉम्प्युटरचा पत्ता. इथे निराळंच निघालं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा आकडा ४ असला तर सगळीकडून उडणारे शिंतोडे चालतात. ५ असला तर नळीने मारलेला फवारा. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक, आणि किती कडक ते बनवणाऱ्याने सांगायचं. धुळीच्या जागी 'एक्स' असेल तर त्याचा अर्थ धुळीची परीक्षा दिलेलीच नाही. आमच्या वेळी असल्या विद्यार्थ्याला गैरहजर म्हणत. तीस मिनिटं वाचून मी थबकलो. परीक्षा अर्ध्या तासाची आणि पुण्याचा पाऊस चार महिन्यांचा. पण खरेदीच्या वेळी माणूस थबकतो आणि मग घेतोच.

मी पहिलं कारंजं घेतलं ते तरंगतं. चारशे नव्व्याण्णव रुपये. जेवणाच्या बशीएवढी काळी चकती, वर सौर पट्टी, खाली मोटर, मध्ये तोटी. रविवारी सकाळी साडेनऊला कुंडावर ऊन आलं, मी चकती पाण्यावर सोडली, आणि क्षणात चार धारा फूट-दीड फूट वर उडाल्या! चिरंजीव ओरडला, ही पदराला हात पुसत बाहेर आली, वरच्या मजल्यावरून दोन डोकी वाकली. मला पेशवाईतल्या सरदारासारखं वाटलं. तेवढ्यात चकती वाऱ्याने सरकत कुंडाच्या कडेला गेली आणि चारांपैकी दोन धारा बाहेर पडायला लागल्या. एक हिच्यावर, एक अण्णांच्या पेपरवर.

चकती मध्ये ढकलली की पुन्हा कडेला. खाली दगड बांधला तर बुडायची. आणि बाहेर उडणारं पाणी परत कुंडात येतं थोडंच! अकरा वाजता कुंड कोरडं आणि आतली मोटर घशात काही अडकल्यासारखी खाकरत होती. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मोटर पाण्याविना चालवू नये. आमच्याकडे कर्जाच्या करारात असलं बारीक अक्षर असतं, ते मी गिऱ्हाइकाला वाचायला सांगत असतो.

पक्षी? एकही आला नाही. त्या फिरत्या, थुंकत्या चकतीला बघून बुलबुल पेरूवरूनच परत जायचे. चौथ्या दिवशी कावळा आला. तो रोज येतो. कुठून तरी पोळीचा वाळका तुकडा आणतो, कुंडात भिजवतो आणि मऊ झाला की खातो. त्याने चकतीकडे मान वाकडी करून पाहिलं, तोटी चोचीत धरली, उपटली आणि उडून गेला. उरलेला पोळीचा लगदा मोटरीत जाऊन बसला. तिथे माझं पहिलं कारंजं संपलं.

मी चकती हातात घेऊन ओट्याच्या पायरीवर बसलो होतो. महिन्याच्या मुदतीचे बारा दिवस उरले होते.

"हेड किती?" मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. अण्णा बोलले होते.

"काय?"

"पंपाचा हेड. पाणी किती उंच चढवतो तो. आणि डिस्चार्ज किती?"

मला दोन्ही माहीत नव्हतं. खोक्यावर होतं. अण्णांनी चष्मा वर करून वाचलं आणि नाकाने एक आवाज काढला. पाटबंधारे खात्यात कंत्राटदाराचं बिल परत पाठवताना ते हाच आवाज काढत असावेत.

"अरे, ताशी दीडशे लिटर म्हणजे या चार लिटरच्या कुंडातलं पाणी तासाला सदतीस वेळा वर फेकायचं. सांडणार नाही तर काय होईल? कडेपासून तोटी नऊ इंचांवर. धार नऊ इंचांच्या वर जाताच कामा नये. वारा असला तर त्याच्याही निम्मी." आणि थोडं थांबून, "हे बघून घेतलंस तू?"

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून आलेली ही सगळ्यांत लांब वाक्यं. स्वयंपाकघरात हिने गॅस बारीक केल्याचं मला ऐकू आलं. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "नाही बघितलं. उद्या अर्धी रजा टाकतो. याल का बुधवारात?"

पुण्यात विजेची, इलेक्ट्रॉनिकची कुठलीही वस्तू निरखून घ्यायची तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जायचं, हे अजून खरं आहे. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षा शनिवारवाड्यावरून गेली तेव्हा त्यांनी बोट दाखवलं. "आत हजारी कारंजं आहे. सोळा पाकळ्यांचं कमळ. सवाई माधवरावासाठी केलेलं. पाणी कुठून यायचं ठाऊक आहे?" मला ठाऊक होतं, पण मी 'नाही' म्हणालो. मग मंडईच्या गर्दीत रिक्षा अडकलेली असताना मी कात्रजच्या तलावाची हकिगत ऐकली. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तिथून जमिनीखालून नळ आणला. वाटेत उसासे, हौद. आणि सगळा कारभार नुसत्या उतारावर. "ना सेल, ना सूर्य," अण्णा म्हणाले. "तलाव उंचावर, वाडा सखल. पाण्याला दुसरं काही लागत नाही." रिक्षावाल्याने आरसा वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यालाही ते पटलेलं दिसलं.

दुकानदार तरुण होता. त्याने पहिल्याच वाक्यात "काका, फुल्ल वॉटरप्रूफ" म्हटलं आणि स्वतःचा घात करून घेतला.

"फुल्ल म्हणजे काय?" अण्णा म्हणाले. "पंप पाण्यात राहणार, त्याला एक नंबर लागतो. पॅनेल पावसात भिजणार, त्याला दुसरा. बॅटरीची पेटी कुठे? आणि हा जोड?"

पंप ६८ होता, पॅनेल ६५. बॅटरी पॅनेलच्या पाठीला. जोडावर कसलाच नंबर नव्हता. अण्णांनी तो जोड दोन बोटांत धरून मला दाखवला. "धरण भिंतीत फुटत नाही," ते म्हणाले, "भिंत जिथे डोंगराला मिळते तिथे गळतं." दुकानदाराने शंभर रुपये कमी केले. मग अण्णांनी पॅनेलवर अडीच वॉट लिहिले आहेत ते कुठल्या उन्हात, असं विचारलं. भर दुपारच्या कडक उन्हाचा तो आकडा असतो, चौरस मीटरला हजार वॉट धरून. ढगाखाली त्यातलं थोडंसंच हाती लागतं. दुकानदाराने आणखी पन्नास कमी केले आणि आम्हाला चहा मागवला. लांब वायरीचं वेगळं पॅनेल, बॅटरी, बुडता पंप, वर बटण. अठराशे पन्नास रुपये. मी एकट्याने गेलो असतो तर दोन हजार देऊन वर आभार मानून आलो असतो.

बसवायला दोन दिवस लागले, कारण अण्णा मुकादम होते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साडेअठरा अंशांत कललेलं हवं. चिरंजिवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आला. पंपाखाली वीट, पंपाभोवती पोळीचे तुकडे अडवायला गाळणीची जाळी. तोट्या सात प्रकारच्या आल्या होत्या. छत्रीसारखी, घंटेसारखी, झारीसारखी. अण्णांनी साती तोट्या काढून खिशात घातल्या आणि नुसतं पाणी बुडबुड करत दोन बोटं वर येऊ दिलं. दिसायला ते अगदीच गरीब दिसत होतं, दूध उतू जायच्या आधी दिसतं तसं. चिरंजीव हिरमुसला. पण दुसऱ्या दिवशी पावणेदहाला दयाळ आला, कुंडाच्या काठावर शेपटी वर करून उभा राहिला आणि त्या बुडबुड्यात छाती घालून आंघोळ करून गेला. वहीत नोंद आहे.

सेक्रेटरींनी येऊन पाणी हलताना बघितलं, मी ब्रश दाखवला, दर बुधवारी आणि रविवारी घासायचं लेखी दिलं. मुदत संपायला तीन दिवस होते. इथे खरं तर ही गोष्ट संपायला हवी होती.

पण अण्णांच्या वहीने घोळ घातला. एके रात्री त्यांनी मला बोलावलं आणि वर्षभराच्या नोंदी समोर ठेवल्या. "वेळा बघ," म्हणाले. मी बघितल्या. आकड्यांची रांग दिसली की माझा हात आपोआप बेरजेला जातो. पक्षी यायचे ते सकाळी साडेसहा ते साडेआठ, आणि संध्याकाळी पाच ते सव्वासहा. दुपारी तुरळक. आणि आमच्या उद्यानात ऊन येतं साडेनऊला, शेजारच्या इमारतीमागे जातं तीनला. म्हणजे अण्णांचा पक्षी आणि माझा सूर्य यांची गाठच पडत नव्हती. सूर्य ड्यूटीवर यायचा तेव्हा पक्षी जेवायला गेलेले. असा काउंटर मी आमच्या बँकेत पाहिला आहे.

"मग बॅटरी कशाला घेतली?" मी म्हणालो.

बॅटरी होती, पण तिला अक्कल नव्हती. ऊन गेलं की ती सुरू व्हायची आणि संपेपर्यंत चालायची. तीनला सुरू, आठला गार. सव्वासहानंतर ती आमच्या भिंतीवरच्या दोन पालींसाठी नाचत होती आणि सकाळी पक्षी यायच्या वेळी खात्यात शिल्लक नाही. अण्णांनी हिशेब केला: साठा जेमतेम पाच तासांचा. तीन ते साडेचार बंद, साडेचार ते सव्वासहा चालू, मग बंद, सकाळी साडेसहाला चालू. बटण हाताने दाबायचं. त्या दिवसापासून अण्णांना नोकरी लागली. दुपारची झोप साडेचारला संपू लागली. पॅनेलवर पेरूचं एक पान पडलं तरी सगळं बंद पडतं, कारण त्यातले सेल साखळीने एकमेकांना जोडलेले. म्हणून पानं काढायला काठी आली. जेवताना बातम्या येऊ लागल्या. "आज दोन वाजून दहा मिनिटांनी ढग. तीन मिनिटं." ही म्हणायची, "हो का अण्णा?" आणि त्यांच्या पानात जास्तीची भाजी वाढायची.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. आठव्या दिवशी कारंजं बंद. पंप ठणठणीत, पॅनेल ठणठणीत. जोडाच्या आत हिरवा गंज. अण्णांनी मला काही ऐकवलं नाही, नुसतं बघितलं. जोड घासला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळला, आणि त्याचं तोंड खाली येईल असा टांगला. परत सुरू झालं. पण सुरू म्हणजे काय, ऊनच नव्हतं. जुलैत सलग नऊ दिवस सूर्य कामावर आला नाही. कुंड मी घासत होतो, भरत होतो, अळ्या नव्हत्या. पाणी मात्र उभं. अण्णा पुन्हा वही मिटून बसायला लागले. संध्याकाळी 'दूध आलं का' सुरू झालं. मी हिला म्हणालो, "मोठी बॅटरी घ्यावी म्हणतो." ही या वेळी गिझरबद्दल बोलली नाही. "घ्या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला खुडबुड ऐकू आली. आईच्या कपाटाचं दार वाजतं, ते मला झोपेतही ओळखू येतं. उठून मागे गेलो. पाऊस थांबला होता. अण्णा पेरूखाली उभे होते. फांदीला पाण्याची एक लिटरची बाटली उलटी टांगलेली, आणि तिच्या तोंडातून सलाइनची नळी खाली कुंडावर आलेली. आईच्या शेवटच्या दुखण्यात घरी सलाइन लावायची म्हणून डॉक्टरांनी दोन सेट आणायला सांगितले होते. एकच लागला. दुसरा तसाच, पाकीट न फोडता, तिच्या कपाटात होता.

अण्णा नळीवरचं ते छोटं चाक अंगठ्याने फिरवत होते. थेंब पडला. टप्. मग दुसरा. कुंडात वर्तुळं पसरत गेली.

"वीस थेंबांचा एक मिलिलिटर," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "पाकिटावर लिहिलंय. मिनिटाला वीस ठेवले तर तासाला साठ मिलिलिटर. लिटरभर पाणी सोळा तास चाळीस मिनिटं जाईल. ऊन नको, काही नको."

"उतारावर," मी म्हणालो.

"उतारावर."

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. पाच-दहा मिनिटांत बुलबुलाची जोडी आली. त्यांना थेंबाचा आवाज कसा कळतो कोण जाणे. पेरूवर बसून दोघं खाली बघत राहिली, मग एक उतरला आणि थेंब पडतो त्याच्या बरोबर खाली डोकं धरून उभा राहिला. अण्णांनी वही उघडली. मी आत जाऊन चहा टाकला आणि तो जरा जास्तच वेळ उकळू दिला.

परवाच्या रविवारी मी हिशेब मांडला. हिशेब केल्याशिवाय मला झोप येत नाही. चकती ४९९, कारंजं १,८५०, रिक्षा २६०, सायकलची ट्यूब ४०, ब्रश ५१. एकूण दोन हजार सातशे. सलाइनचा सेट मी खर्चात धरला नाही. जमेच्या बाजूला पक्षी: चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ, सातभाई, शिंपी, चष्मेवाला, होला, भारद्वाज. सातभाई सात धरायचे की एक, यावर चिरंजिवाशी वाद झाला. शेवटी जात म्हणून एक धरले. नऊ जाती. दर जातीमागे तीनशे रुपये. मी कागद अण्णांना तपासायला दिला.

त्यांनी चष्मा लावून आकडे बघितले, यादीवरून पेन्सिल खाली नेली आणि थांबले.

"कावळा धरला नाहीस."

"कावळा काय धरायचा अण्णा? पहिलं कारंजं त्यानेच मोडलं."

"धर," अण्णा म्हणाले. "तो रोज येतो."

मी कावळा धरला. दर दोनशे सत्तरवर आला.